कारामाझोव घरातला चौथा भाऊ



आज आपण एका कुटुंबाकडे पाहणार आहोत. कुटुंब रशियातल्या एका लहान गावातलं आहे आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांची 'ब्रदर्स कारामाझोव' ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल, काहींनी अर्ध्यावर सोडली असेल. सोडली असेल तर लाजू नका. आम्हीही विद्यार्थी असताना ती दोनदा सोडली होती. या कादंबरीत एक खून आहे, आणि तो कोणी केला हे आज सांगावंच लागणार आहे. ज्यांना ते आत्ता कळायला नको असेल त्यांनी हे व्याख्यान बाजूला ठेवावं, कादंबरी वाचावी, आणि मग परत यावं. आमची काही हरकत नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. फ्योदोर पावलोविच कारामाझोव या माणसाला मुलं किती? कोणीही सांगेल, तीन. दिमित्री, इव्हान आणि अल्योशा. कादंबरीचा निवेदकही सुरुवातीला तीनच सांगतो. आम्हीही वर्गात अनेक वर्षं तीनच शिकवत आलो. फळ्यावर तीन नावं लिहायची. दिमित्री म्हणजे भावना, इव्हान म्हणजे बुद्धी, अल्योशा म्हणजे श्रद्धा. मुलं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेला सोयीचं होतं ते. एकदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, आणि स्वयंपाकी?" आम्ही म्हटलं, त्याचं नंतर बघू. ते नंतर त्या वर्षी आलंच नाही. आज ते बघायचं आहे.

आधी नावांची गंमत समजून घेऊ. आपल्या महाराष्ट्रात स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम असतो. रशियन नावांची घडणही साधारण अशीच आहे. मधलं नाव वडिलांवरून येतं. फ्योदोरचा मुलगा तो फ्योदोरोविच. म्हणजे दिमित्री फ्योदोरोविच, इव्हान फ्योदोरोविच, अलेक्सेय फ्योदोरोविच. घरात लाडाची नावं वेगळी: दिमित्रीचा मित्या होतो, अलेक्सेयचा अल्योशा. घरचा स्वयंपाकी आहे पावेल स्मेर्द्याकोव. त्यालाही लोक पावेल फ्योदोरोविच म्हणतात, आणि फ्योदोर पावलोविच त्याला हरकत घेत नाही. पण त्याला लाडाने हाक मारणारं कोणी नाही. सगळे नुसत्या आडनावाने बोलावतात, आणि ते आडनाव आलं आहे त्याच्या आईच्या टोपणनावावरून. त्या टोपणनावाचा अर्थ दुर्गंधी येणारी. म्हणजे या माणसाला हाक मारायची तर दर वेळी त्याच्या आईचा अपमान होतो. हे आडनाव कोणी दिलं? फ्योदोर पावलोविचनेच.

आता या फ्योदोर पावलोविचकडे बघू. वय पंचावन्न. छोटा जमीनदार. सुरुवात दुसऱ्यांच्या पंगतीत आश्रिताने बसण्यापासून, आणि शेवटी गाठीला भरपूर पैसा. चारचौघांत विदूषकपणा करायचा, आपला अपमान करून घ्यायचा आणि मग त्याचा सूड म्हणून आणखी घाण बोलायचं, ही त्याची रीत. त्याला निव्वळ खलनायक म्हणून चालणार नाही. त्याला नरकाची भीती वाटते, अल्योशावर त्याचा खरोखर जीव आहे, आपण काय आहोत हे त्याला कळतं. त्याचा दोष आम्हाला एका शब्दात सांगायचा झाला तर तो विसरतो. पहिली बायको आदेलाइदा तीन वर्षांच्या मित्याला टाकून निघून गेली, तेव्हा हा बाप मुलाला चक्क विसरून गेला. द्वेष नाही, मारहाण नाही. घरात एक मूल आहे हेच त्याच्या लक्षात राहिलं नाही.

दुसरी बायको सोफिया. अनाथ मुलगी, लग्नाच्या वेळी सोळा वर्षांची. तिला इव्हान आणि अल्योशा झाले. नवऱ्याच्या वागण्याने तिला झटके येऊ लागले, आणि अल्योशा चौथ्या वर्षात असताना ती गेली. पुढे मोठेपणी अल्योशा गावी परततो आणि आईची कबर शोधतो, तेव्हा वडिलांना ती कुठे आहे तेही आठवत नाही. कबरीवर लोखंडी फलक लावलेला असतो, तो घरच्या ग्रिगोरी नावाच्या नोकराने स्वतःच्या पैशाने लावलेला. आणि बघा, वडिलांच्या मनाला तेव्हा काहीतरी लागतं. ते मठात जाऊन हजार रूबल देतात, बायकोच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. पण कुठल्या बायकोच्या? अल्योशाच्या आईच्या नव्हे, पहिलीच्या, जी त्याला बदडून काढायची तिच्या!

विसरण्याचा कळस एका छोट्या प्रसंगात आहे. फ्योदोर पावलोविच जेवणानंतर अल्योशाला त्याच्या आईचे झटके कसे यायचे ते हसत सांगतो. ऐकता ऐकता अल्योशाला अगदी तसाच झटका येतो. बाप घाबरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या इव्हानला सांगतो की बघ, याला आपल्या आईची आठवण झाली. इव्हान थंडपणे विचारतो की ती माझीही आई होती ना? आणि बाप क्षणभर गोंधळतो. इव्हान आणि अल्योशा एकाच आईचे, हे त्याच्या डोक्यातून निघूनच गेलेलं असतं. कारामाझोव घर समजून घ्यायला आम्हाला हा एक प्रसंग पुरेसा वाटतो.

मग ही मुलं वाढली कुठे? विसरलेली मुलं कोणीतरी उचलावी लागतात. ती उचलली ग्रिगोरीने. मित्या आधी ग्रिगोरीच्या खोपटात, मग आईच्या नातेवाइकांकडे, एकाकडून दुसऱ्याकडे. इव्हान आणि अल्योशाही आईच्या मृत्यूनंतर त्याच खोपटात, मग एका जनरलच्या विधवेकडे, मग येफिम पेत्रोविच नावाच्या एका सज्जन गृहस्थाकडे. आणि त्याच खोपटात चौथं मूलही वाढलं.

त्या चौथ्याची हकीकत अशी. गावात लिझावेता नावाची एक मुकी, मतिमंद, बेघर मुलगी फिरत असे. तिला दिवस गेले. बाप कोण हे कादंबरी शेवटपर्यंत पुराव्याने सांगत नाही, पण गावाचा संशय फ्योदोर पावलोविचवर होता. बाळंत होण्याच्या रात्री ती मुलगी कुंपण ओलांडून त्याच्याच बागेतल्या न्हाणीघरात आली, तिथे तिला मूल झालं आणि पहाटे ती मेली. ग्रिगोरी आणि त्याची बायको मार्फा यांचं स्वतःचं तान्हं मूल नुकतंच गेलं होतं. त्यांनी हे मूल घेतलं.

म्हणजे चारही मुलांचं पहिलं घर एकच, नोकराचं खोपट. बापाने नव्हे, ग्रिगोरीने त्यांना एका छपराखाली आणलं. चौघंही एका अर्थाने अनाथ आहेत. मग त्यांच्यात फरक कसा पडला? आमच्या मते फरक पडला तो बालपणी मिळालेल्या एखाद्या लहानशा गोष्टीने.

अल्योशाकडे आईची एक आठवण आहे. संध्याकाळची तिरपी उन्हं, देवाच्या तसबिरीपुढचा दिवा, आणि आपल्याला छातीशी धरून रडत प्रार्थना करणारी आई. एवढीच. पण आयुष्यभर पुरते. मित्याकडे आहेत शेंगा नव्हे, बदाम नव्हे, एक पौंड अक्रोडासारखी कवचाची फळं! हे खटल्यात बाहेर येतं. गावातले म्हातारे डॉक्टर साक्षीला येतात आणि सांगतात की हे पोर अनवाणी, एकाच गुंडीवर विजार अडकवून अंगणात फिरायचं, त्याची दया येऊन मी त्याला ती फळं आणून दिली. तेवीस वर्षांनी एक तरुण दारात उभा राहिला, त्या फळांचे आभार मानायला. इव्हानची गोष्ट थोडी निराळी. येफिम पेत्रोविचने त्याला नीट वाढवलं, शिकवलं. पण दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला उमगलं की आपण परक्याच्या उपकारावर जगतो आहोत आणि आपला बाप असा आहे की त्याचं नाव काढायची लाज वाटावी. तो अभिमानी झाला, गप्प झाला. पण त्यालाही शिक्षण मिळालं, धाकटा भाऊ मिळाला.

स्मेर्द्याकोवला काय मिळालं? ग्रिगोरी वाईट माणूस नव्हता. त्यानेच या पोराला अक्षर शिकवलं, बायबल शिकवायला घेतलं. बारा वर्षांच्या पोराने विचारलं की देवाने प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण केला आणि सूर्य, चंद्र, तारे चौथ्या दिवशी. मग पहिल्या दिवशी उजेड कुठून आला? आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून सांगतो, प्रश्न चांगला होता. पुढे मोठमोठ्या धर्मपंडितांनी या प्रश्नावर पानं खर्ची घातलेली आहेत असं नव्हे, आधीच घातलेली होती. ग्रिगोरीने उत्तर म्हणून थोबाडीत मारली. आठवड्याभरात पोराला फेफऱ्याचा पहिला झटका आला. आणखी एक गोष्ट ग्रिगोरी त्याला तोंडावर म्हणाला होता: तू माणूसच नाहीस, तू न्हाणीघरातल्या ओलीतून उगवलेला आहेस. हे वाक्य स्मेर्द्याकोव कधीच विसरला नाही. पुढे त्याला मॉस्कोला पाठवून स्वयंपाक शिकवला आणि तो बापाच्या घरी, बापाचा स्वयंपाकी म्हणून परतला.

इथे लेखकाच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही कादंबरी 'रूस्की व्हेस्टनिक' या मासिकात १८७९ आणि १८८० या दोन वर्षांत क्रमशः आली. त्याआधी, १८७८ च्या मे महिन्यात, दोस्तोयेव्हस्कींचा अल्योशा नावाचा धाकटा मुलगा तीन वर्षांचाही झालेला नसताना फेफऱ्याने गेला. फेफरं वडिलांनाही होतं. आता कादंबरी बघा. मुलाचं नाव त्यांनी सर्वांत लाडक्या भावाला दिलं. आजार मात्र स्मेर्द्याकोवला दिला, जो स्वतःलाही होता आणि ज्याने मूल नेलं होतं. आणि स्वतःचं फ्योदोर हे नाव त्या बापाला दिलं. लेखकाने या घरात कोणालाच परकं ठेवलेलं नाही, असं आम्हाला यातून वाटतं.

आता मुख्य कथेकडे येऊ. मित्या अठ्ठावीस वर्षांचा, लष्करातून बाहेर पडलेला, रागीट, उधळ्या, दिलदार. आईच्या वारशाचे पैसे बापाने दडपले अशी त्याची तक्रार. त्यातच बाप आणि मुलगा दोघंही एकाच स्त्रीच्या, ग्रुशेन्काच्या, मागे लागलेले. बापाने तीन हजार रूबलचं पाकीट तिच्यासाठी तयार ठेवलेलं. तिकडे मित्याची वाग्दत्त वधू कातेरिना इव्हानोव्हना, आणि तिच्यावर इव्हानचं प्रेम. म्हणजे बाप आणि थोरला यांच्यात एक स्त्री, थोरला आणि मधला यांच्यात दुसरी. मित्या घरात घुसून बापाला मारतो, ठार करीन म्हणून गावभर ओरडतो.

या सगळ्यात मठातले वृद्ध गुरू झोसिमा एक चमत्कारिक गोष्ट करतात. कुटुंबाचा तंटा मिटवायला सगळे त्यांच्या खोलीत जमलेले असताना ते उठतात आणि मित्यापुढे जमिनीला डोकं टेकवतात. दुसऱ्या दिवशी ते अल्योशाला सांगतात की भावाला शोध, सगळं सोडून आधी त्याच्याकडे जा. त्याच्या वाट्याला येणाऱ्या मोठ्या दुःखापुढे मी वाकलो.

आता नीट लक्ष द्या, आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. अल्योशा त्या दिवशी मित्याला शोधायला निघतो. बागेत त्याला स्मेर्द्याकोव भेटतो, गिटार वाजवत बसलेला. अल्योशा विचारतो, भाऊ कुठे आहे? स्मेर्द्याकोव तुटकपणे म्हणतो की मला काय ठाऊक, मी काही त्यांचा राखणदार नाही. तिथून अल्योशा खानावळीत इव्हानकडे जातो. पुढच्याच प्रकरणात, मित्याचा विषय निघाल्यावर इव्हानही चिडून तेच म्हणतो. फरक इतकाच की इव्हान शिकलेला आहे; आपण कोणाचं उत्तर दिलं हे त्याच्या लगेच ध्यानात येतं. बायबलमध्ये काइन आपल्या भावाला, हाबेलला, मारतो. देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तेव्हा काइनने दिलेलं उत्तर ते हेच.

एकाच दिवशी, लागोपाठच्या दोन प्रकरणांत, एक उत्तर दोन तोंडांतून. एक तोंड सुशिक्षित मुलाचं, दुसरं स्वयंपाक्याचं. दोघं भाऊ आहेत हे लेखक आपल्याला असं सांगतो. चेहऱ्यावरून नाही, रक्तावरून नाही, या उत्तरावरून.

आणि अल्योशा? तो तर प्रेमळ, तो तर असं कधी म्हणणार नाही. खरं आहे, तो म्हणत नाही. पण खानावळीतून निघाल्यावर, इव्हानचं सगळं बोलणं डोक्यात घेऊन तो थेट मठाकडे धावतो, कारण तिथे गुरू मरणाच्या दारात आहेत. मित्याला तो साफ विसरतो. निवेदक सांगतो की पुढे आयुष्यात अल्योशाला स्वतःच्याच या विसरण्याचं नवल वाटत राहिलं. वडिलांचा विसरण्याचा दोष सगळ्यांत चांगल्या मुलात असा हळूच डोकावतो. दुसऱ्या रात्री खून झाला.

खून कसा झाला? मित्या हातात पितळी बत्ता घेऊन बागेत आला, बापाच्या खिडकीपाशी उभा राहिला, बत्ता उचललाही. पण मारलं नाही. पळताना त्याला म्हाताऱ्या ग्रिगोरीने पकडलं. मित्याने त्याच बत्त्याने त्याच्या डोक्यात मारलं. ज्याने आपल्याला लहानपणी परातीत आंघोळ घातली त्याच्या! कुंपणावर चढलेला मित्या खाली उतरला, रुमालाने त्याचं रक्त पुसत बसला, आणि तो मेला असं समजून पळाला. पुढे तपासात ग्रिगोरी जिवंत आहे हे कळताच त्याला जो आनंद होतो तो पाहिला की हा माणूस खुनी नाही हे वाचकाला कळतं. न्यायालयाला कळत नाही.

खून केला स्मेर्द्याकोवने. फेफऱ्याचं सोंग घेतलं, मित्या पळाल्यावर उठला, आणि तीन हजार रूबल घेतले. पण तेवढ्याने गोष्ट संपत नाही, कारण त्याआधी इव्हान आणि स्मेर्द्याकोव यांच्यात काहीतरी घडलेलं आहे.

इव्हान गावी आला तेव्हा सुरुवातीला तो या स्वयंपाक्याशी बोलायचा. कशावर? इतर गोष्टींबरोबर त्याच प्रश्नावर, सूर्याआधी उजेड कुठून आला! ज्या प्रश्नावर थोबाडीत बसली होती त्यावर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नीट बोललं. आम्हाला वाटतं, त्या क्षणी स्मेर्द्याकोवने इव्हानला आपला मानलं. मग इव्हानला त्याची किळस येऊ लागली. हा आपल्याशी बरोबरीने का बोलतो, याच्या आणि माझ्यात काही गुपित असल्यासारखा का वागतो, असं त्याला वाटू लागलं. बोलणं कमी झालं, पण इव्हानची मांडणी तोवर पोचली होती. अमरत्व नसेल तर माणसाला कुठलीच गोष्ट निषिद्ध उरत नाही, असा तिचा सारांश. इव्हानने ती पाहुण्यांत, विद्वानांत मांडली. घेतली ती स्वयंपाक्याने.

खुनाच्या आदल्या संध्याकाळी फाटकापाशी स्मेर्द्याकोव इव्हानला आडवळणाने सगळं सुचवतो. उद्या मला झटका येईल, ग्रिगोरी आजारी असेल, घरात कोणी नसेल, तुम्ही बाहेरगावी गेलेलं बरं. इव्हानला समजतं आणि समजून घ्यायचं नसतं. त्या रात्री तो जिन्यात उभा राहून खाली बाप कसा वावरतो आहे ते कान देऊन ऐकतो, आणि सकाळी निघून जातो. याच इव्हानने आधी अल्योशाला सांगितलं होतं की मी वडिलांचं रक्षण करीनच, पण मनातल्या इच्छेवर मला कोणी बंधन घालू नये. स्मेर्द्याकोवने त्याच्या जाण्याला होकार समजलं.

खुनानंतर इव्हान त्याला तीनदा भेटतो. तिसऱ्या भेटीत स्मेर्द्याकोव मोज्यातून नोटा काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो की खरे मारेकरी तुम्ही, मी फक्त तुमचा चाकर होतो. इथपर्यंत तो समजून होता की इव्हानला सगळं माहीत आहे. इव्हान खरोखर हादरला आहे, हा माणूस स्वतःच्या विचारापुढे टिकत नाही, हे त्याला आता दिसतं. पैसे तो देऊन टाकतो. त्याच रात्री गळफास घेतो. चिठ्ठीत एवढंच की आपल्या मरणाचा दोष कोणाला देऊ नये. 'खून मी केला' एवढं त्याने लिहिलं असतं तर मित्या सुटला असता. लिहिलं नाही. ज्याला कोणी भाऊ म्हटलं नाही, त्याने जाताना भावाला वाचवलं नाही.

आम्ही स्मेर्द्याकोवची वकिली करतो आहोत असं समजू नका. त्याने थंड डोक्याने खून केला आणि निरपराध्याला अडकवलं. लहानपणी तो मांजरांना फास देऊन त्यांचे अंत्यविधी करत असे, हेही लेखकाने लपवलेलं नाही. दुःख भोगलं म्हणून माणूस चांगला होतो असं दोस्तोयेव्हस्की म्हणत नाहीत.

आता न्यायालय. रशियात १८६४ च्या सुधारणांनंतर ज्यूरीसमोर खटले चालू लागले होते, तसाच हा. बचावाचा वकील हुशार आहे. तो म्हणतो, जन्म दिला म्हणून कोणी बाप होत नाही. असा माणूस बाप नव्हेच, मग ही पितृहत्या कशी? ऐकताना आपल्याला पटत जातं. पण लेखकाने याच कादंबरीत दुसरा एक बाप ठेवला आहे. स्नेगिर्योव, नोकरी गेलेला दरिद्री कॅप्टन. मित्याने त्याला दाढी धरून भर रस्त्यात ओढलं. त्याचा लहानगा मुलगा इल्युशा मित्याच्या हाताची चुंबनं घेत माझ्या बाबांना सोडा म्हणून विनवत राहिला, आणि मग बाबांना चिडवणाऱ्या सगळ्या शाळेशी एकटा लढला. त्या बापाकडे द्यायला काही नाही, लोकांत मान नाही. पण मुलगा त्याच्या लक्षात आहे. बापपण कशाने येतं या वकिलाच्या प्रश्नाचं उत्तर या घरात आहे. आणि हेही पाहा, वकिलाचा युक्तिवाद उलटाही फिरवता येतो. बाप बाप नव्हता म्हणता येतं, तर भाऊ भाऊ नव्हता असंही म्हणता येईल. स्मेर्द्याकोवच्या बाबतीत सगळ्यांनी तेच म्हटलं.

मित्याला दोषी ठरवतात. या कथेचं बीज खऱ्या घटनेत होतं. दोस्तोयेव्हस्की सैबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात असताना पितृहत्येची शिक्षा भोगणारा एक माजी अधिकारी त्यांच्यासोबत होता, आणि पुढे तो निर्दोष असल्याचं कळलं.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून आम्ही इथे थोडा फरक स्पष्ट करू. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, आपल्या देशबांधवांसाठी अपराधाचे चार प्रकार वेगळे केले: कायद्याने ठरणारा, राजकीय, नैतिक, आणि चौथा ज्याला त्यांनी तत्त्वमीमांसेचा अपराध म्हटलं, म्हणजे माणसामाणसांतलं नातं मोडल्याचा. ही चौकट कारामाझोव घराला लावून बघा. कायद्याचा अपराध एकट्या स्मेर्द्याकोवचा. नैतिक अपराध इव्हानचा, ज्याने समजून न समजल्यासारखं केलं. मित्याचाही, ज्याने मरण इच्छिलं आणि म्हाताऱ्यावर हात उचलला. आणि चौथा? तो सगळ्यांचा, अल्योशाचासुद्धा.

झोसिमांची शिकवण हीच होती: प्रत्येक जण सर्वांपुढे, सर्वांसाठी अपराधी आहे. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला अतिशयोक्ती वाटली होती. सगळेच अपराधी म्हटलं की कोणीच अपराधी राहत नाही, असा तर्कशास्त्राचा आक्षेपही आम्ही वर्गात घेत असू. आज वाटतं, आमची चूक इथे होती की आम्ही अपराध वाटून घ्यायची वस्तू समजत होतो. चौघांत वाटला तर प्रत्येकाला पाव. तसं नाही. आई आजारी असली तर चार मुलांची जबाबदारी प्रत्येकी पाव होत नाही. ज्याच्या त्याच्यावर ती पुरतीच असते. मित्या हे समजतो. अटकेच्या रात्री त्याला स्वप्नात जळून गेलेलं गाव आणि थंडीत रडणारं तान्हं मूल दिसतं, आणि जागा झाल्यावर त्याला वाटतं की या मुलासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. न केलेल्या खुनाची शिक्षा सोसायची त्याची तयारी इथून सुरू होते.

पण झोसिमांची शिकवण ऐकलेला अल्योशा स्मेर्द्याकोवपर्यंत पोचला का? बागेतल्या त्या भेटीत तो सभ्यपणे बोलतो, पण चौकशीपुरतंच. तिघांपैकी कोणीही स्मेर्द्याकोवला भाऊ म्हणून हाक मारत नाही. अल्योशा रस्त्यावरच्या पोरांचा होतो, बोट चावणाऱ्या इल्युशाचा होतो. घरातल्या एकाचा होत नाही. आणि आपणही, वाचक म्हणून, पुस्तक मिटून तीनच मोजतो.

आता थोडं आमच्याविषयी, मग थांबू. आमच्या लहानपणी घरी कामाला एक मुलगा होता, आमच्याच वयाचा. विहिरीचं पाणी शेंदायचा, आमची दप्तरं शाळेपर्यंत आणून द्यायचा आणि फाटकातून परत जायचा. आमच्या घरात कोणी त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. एकदा त्याने आमच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा बघून विचारलं, यात आपलं गाव कुठे? आम्ही म्हटलं, तुला काय करायचंय. त्याचं नाव आठवतं, आडनाव आठवत नाही, आणि विचारायला आता कोणी उरलेलं नाही. त्या विद्यार्थिनीने स्वयंपाक्याविषयी विचारलं, तेव्हा आम्ही उत्तर का टाळलं हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं.

कादंबरीचा शेवट इल्युशाच्या अंत्ययात्रेने होतो. एका मोठ्या दगडापाशी अल्योशा शाळेच्या मुलांना गोळा करतो आणि सांगतो की लहानपणची एखादी चांगली आठवण जवळ असली तर ती माणसाला पुढे वाचवू शकते. त्याला आईची आठवण पुरली, मित्याला डॉक्टरांची फळं पुरली. स्मेर्द्याकोवचं नाव अल्योशा तिथे घेत नाही. पण एवढं ऐकल्यावर आपल्याला ते आठवायला हरकत नसावी.

ज्यांनी कादंबरी अर्ध्यावर सोडली आहे त्यांना एक विनंती. पुन्हा उघडाल तेव्हा या स्वयंपाक्याचं नाव येईल तिथे तिथे पेन्सिलीने बारीक खूण करत जा. आम्ही शेवटच्या वाचनात तसं केलं. खुणा आमच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त झाल्या.